डिंपलचा राग

मंदाबाईंनी पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि मी खुशीत एक पेढा उचलून तोंडात टाकला. कशाचे पेढे, हे विचारायची मला गरजच वाटली नाही. धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरची खोली मी गुरुवारपुरती भाड्याने घेतली आहे. जळगावहून सकाळी येते, दिवसभर लोकांना त्यांच्या आयुष्याचं ध्येय गाठायला मदत करते आणि ऊन उतरलं की परत निघते. त्या दिवशीची शेवटची माणसं गेली होती, कूलर बंद केला होता, कुलूप हातात होतं, आणि ही बाई धापा टाकत जिना चढून वर आली. हातात खण, नारळ आणि पेढे. मला वाटलं, डिंपल हजर झाली. डिंपल म्हणजे यांची सून. गेले सहा महिने माझ्याकडे येत होती. तलाठ्याच्या परीक्षेत पास झाली होती, शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव तिला मिळालं होतं आणि हजर होण्याचा उद्या शेवटचा दिवस होता. "आजच झाली का हजर?" मी पेढा चघळत विचारलं. मंदाबाई अशा हसल्या की जणू मी लहान मूल आहे, आणि अहिराणीत म्हणाल्या, "हजर कसानी व्हस, ताई? तिनीच सांगं, माले नही जानं. आमी कोनी काहीच बोलनूत नही. पयले एक सांगं ते चार सुनाडे. आते तोंडच उघाडत नही पोर. बठ्ठं तुमनामुये शे. तुमना हातले गुन शे बरं."

नोकरीला जायचं नाही असं सून स्वतःच म्हणाली होती, आणि तिचं तोंड मी बंद केलं म्हणून हे पेढे होते. पेढा माझ्या तोंडात तसाच होता. थुंकता येत नव्हता आणि गिळवत नव्हता. मी तो गिळला, हे मुद्दाम सांगते. गिळला, खाली वाकले, मंदाबाईंनी कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ टाकला, आणि मी म्हणाले, "छान झालं." माझ्या तोंडून हे दोन शब्द आपोआप निघतात. कोणी काहीही सांगितलं तरी आधी छान म्हणायचं, म्हणजे माणूस मोकळा होतो, असं आम्हाला शिकवलं आहे. मंदाबाई मोकळ्या झाल्या, जिना उतरून गेल्या. मी कुलूप लावलं, गाडीत बसले, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मे महिन्यातलं धुळं, स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता, आणि मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. तोंडात गोड चव रेंगाळत होती. पाण्याची बाटली तोंडाला लावली तर पाणी चहाइतकं गरम. तरी चूळ भरली आणि खिडकीतून रस्त्यावर थुंकले. एका रिक्षावाल्याने वळून बघितलं. बघू दे.

माझ्या हाताला गुण आहे. वैदू आहे का मी? जळगावात मी पहिल्यांदा 'लाइफ कोच' असा बोर्ड लावला तेव्हा शेजारचे तोतारामभाऊ म्हणाले होते, कोच म्हणजे रेल्वेचा का क्रिकेटचा? तेव्हा मी हसले होते आणि त्यांना चहा पाजून समजावलं होतं की माणसाला काय हवंय ते त्याचं त्यालाच शोधायला मी मदत करते. किती गोड वाक्य आहे. आणि माझ्याकडे कोण येतं? स्वतःला काय हवंय ते शोधायला खान्देशात कोणी गाडीतलं पेट्रोल जाळत नाही. माझ्याकडे माणसं आणली जातात. बाप मुलाला आणतो, नवरा बायकोला आणतो, सासू सुनेला आणते. ध्येय आणणाऱ्याचं असतं आणि ते गाठायचं आणलेल्याने. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने मला स्वच्छ सांगितलं होतं, पोराला धाडस शिकवा ताई, फक्त माझ्यासमोर करायला नको. मी हा किस्सा पुढे कित्येक कार्यक्रमांत सांगितला आणि लोक खो खो हसले. मीही हसायचे. आता पारोळ्याच्या रस्त्याला लागून दोन्ही बाजूंची करपलेली शेतं बघताना मला त्या हसण्याचा संताप येत होता. हसण्यासारखं काय होतं त्यात? त्या माणसाने काम सांगितलं होतं आणि मी ते केलं होतं.

डिंपलला पहिल्यांदा आणलं तेव्हाही मंदाबाईच बोलत होत्या. पोरगी चांगली आहे, हुशार आहे, पण नाकावर राग. घरात आवाज चढतो, दुकानापर्यंत जातो. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान खाली आणि घर वर, गिऱ्हाईक ऐकतं. मी मंदाबाईंना बाहेर बसवलं, कारण आमच्या पद्धतीत ध्येय ज्याचं त्याने सांगायचं असतं. मग डिंपल बोलली. "मले लय राग येतो, मॅडम." ते 'मले' ऐकलं आणि मी चमकले. आमच्याकडची भाषा. माहेर विचारलं तर सावद्याच्या अलीकडचं, नदीकाठचं गाव, आणि नदीच्या या काठाला माझं. एवढ्या जवळची पोर. आणि मी तिला काय म्हणाले? म्हणाले, "इथे आपण मला म्हणूया का, डिंपल?" पुण्याला माझं प्रशिक्षण झालं तेव्हा तिथल्या बाईंनी मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हेमांगी, तुझ्या आवाजात शेत आहे, तो जरा आत घे. मी तो आत घेतला. इतका आत घेतला की माझा नवरा फोनवर मला ओळखेना. आणि मग जो कोणी माझ्यासमोर येईल त्याचाही आत घ्यायला लावायचा, हा धंदाच झाला. राग येतो म्हणाली ती. कधी येतो, किती येतो, आला की अंगात कुठे जाणवतो, हे सगळं मी विचारलं. छातीत, म्हणाली. कशाचा येतो, ते विचारलं नाही. आमच्यात 'का' विचारत नाहीत. 'का' विचारलं की माणूस मागे जातो, 'कसं' विचारलं की पुढे जातो, असं आमचं शास्त्र. पुढे नेली मी तिला. नेऊन स्वयंपाकघरात कोंडली.

आणि मला राग कोणाकोणाचा यावा? मंदाबाईंचा यावा तर ती बाई सरळ आहे. तिला गप्प सून हवी होती, मिळाली, तिने पेढे वाटले. तिच्यात लपवाछपवी नाही. पियुषचा, म्हणजे डिंपलच्या नवऱ्याचा यावा तर तो भला मुलगा. एकदा तिला सोडायला आला होता तेव्हा म्हणाला, मॅडम, तुम्ही म्हणाल तसं, मला दोघींच्या मधे पडायचं नाही. तेव्हा मी त्याचं कौतुक केलं होतं. परिपक्व म्हणाले होते. परिपक्व! सावद्याची केळी रासायनिक पावडर मारून पिकवतात तशी ती परिपक्वता. आणि त्या अभ्यासाच्या काळात डिंपल माझ्यासमोर बसून दर गुरुवारी तेच वाक्य म्हणायची, जे आरशासमोर म्हणायला मी तिला दिलं होतं. मी शांत आहे. शांत होईन असं म्हणायचं नाही, आहे असंच म्हणायचं, म्हणजे मनाला ते खरं वाटायला लागतं. परीक्षा पास झाली तेव्हा मला वाटलं, वाक्याचा गुण. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण इथे तर मारुतीसुद्धा झाला नाही, नुसता दगड झाला, शेंदूर फासायला तयार. नोकरी नको असं तिने स्वतःहून म्हटलं म्हणे. माझं सगळं शास्त्र पणाला लावून मी एका मुलीला स्वतःहून नाही म्हणायला शिकवलं होतं, आणि तिने ते नेमकं स्वतःलाच म्हटलं.

पारोळ्याच्या अलीकडे केळीच्या ट्रकने मला चेपलं. उजवीकडून आला, हॉर्न नाही काही नाही, आणि माझी गाडी खडीवर उतरली, थरथरून थांबली. काच बंद होती. आणि त्या बंद गाडीत मी ओरडले. काय ओरडले ते लिहिता येणार नाही, पण तो माझा आवाज नव्हता, आईचा होता. आखाजीचा होता. आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि गौराई बोळवायच्या दिवशी नदीच्या या काठाला आमच्या बाया आणि त्या काठाला डिंपलच्या गावच्या, असा बार होतो. बार म्हणजे शिव्यांची झुंज. कोरड्या नदीच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकींच्या गावाला, सासराला, रूपाला, चालीला, म्हशींना, सगळ्याला शिव्या घालायच्या. वर्षभर सासरी जे गिळलं ते तिथे ओकायचं. पुरुष लांब बसून ऐकतात, कोणी मधे पडत नाही. नियम एकच. समोरून शिवी आली की उत्तर द्यायचंच. जी देणार नाही तिला तिच्याच काठाच्या बाया झोक्यावर बसू देत नाहीत. माझी आई एरवी घरात मान वर करून बोलायची नाही, पण बाराला तिला लोक बोलवायला यायचे. कमरेला पदर खोचून ती काठावर उभी राहिली की समोरच्या बाया आधीच हसायला लागायच्या. मी लहान असताना तिचं लुगडं धरून उभी असायचे आणि मला वाटायचं, हीच माझी आई, घरातली ती दुसरी कोणीतरी. पुढे शिकले तशी लाज वाटायला लागली. पुण्याच्या मैत्रिणींना आखाजीचे झोके सांगितले, पुरणपोळी आणि आमरस सांगितला, बार सांगितला नाही. खडीवर उभ्या गाडीत बसून मी पुन्हा एकदा तीच शिवी दिली, मोठ्याने. बरं वाटलं. मग गाडी वळवली आणि धुळ्याचा रस्ता धरला.

दुकानावरच्या डिंपलच्या घराचा जिना चढले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. दार डिंपलनेच उघडलं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, चेहरा धुतलेला, ओठांवर ते हसू जे मी तिला शिकवलं होतं, गालाने हसायचं, दात दाखवायचे नाहीत. पियुष सोफ्यावर मोबाइल बघत होता, तो उठून उभा राहिला. मंदाबाई आतून "ताई, परत उन्या?" करत आल्या आणि लगेच चहाचं फर्मान सुटलं. डिंपल चहा करायला वळली. मी म्हटलं, चहा नको, तू बस. ती सासूकडे बघून बसली. मी विचारलं, "उद्या हजर व्हायचं नाही असं तू ठरवलंस?" ती म्हणाली, "हो, मॅडम. मी माझ्या प्राधान्यांचा विचार केला. मी शांत आहे. जे माझ्या हातात नाही ते मी सोडून दिलं." एकेक शब्द माझा. मी पुन्हा विचारलं, "त्या गावचं काय, तलाठ्याची वाट बघणाऱ्या लोकांचं काय, तुझ्या तीन वर्षांच्या अभ्यासाचं काय?" "ते अनुभव म्हणून माझ्याजवळ राहील," ती म्हणाली. पियुष म्हणाला, "मॅडम, ती खरंच खूश आहे. आम्ही जबरदस्ती नाही केली." मी बघितलं, तर पदराखाली तिचा उजवा हात मुठीत होता, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर दाबलेलं. राग आला की बोट दाबायचं, ही आमची एक युक्ती आहे. शांत असताना शंभरदा दाबून ठेवलं की पुढे नुसतं दाबलं तरी शांत वाटतं. तिचं नख पांढरं पडलं होतं. खूश माणूस बोट कशाला दाबेल?

मी तिच्या शेजारी जाऊन बसले, पदराखाली हात घातला आणि ती बोटं ओढून वेगळी केली. ती चांगलीच दाबून बसली होती, जोर लावावा लागला. मंदाबाई म्हणाल्या, "हाई काय करी राह्यनात, ताई?" मी त्यांच्याकडे बघितलं नाही. उठून उभी राहिले, साडीचा पदर कमरेला खोचला, आणि नदीच्या या काठावरून बोलले. "काय व पोरी, तुह्या मायनं तुले दूध पाजलं का ताक? तुह्या गावच्या बाया पह्यलेपासूनच मुक्या. आमच्या गावच्या म्हशी तुमच्यापेक्षा मोठ्यानं वरडता!" डिंपलने मान वर केली. हसू तसंच होतं, पण डोळे माझ्यावर आले. पियुष म्हणाला, "मॅडम?" मी थांबले नाही. "तलाठीण व्हाले निघाली होती म्हने! सातबारा वाचाले जीभ लागते. तुही जीभ सासूच्या फडताळात लोणच्यासंगं ठेवली का व?" तिचा अंगठा पुन्हा बोट शोधायला लागला, मी तिचा हात धरून ठेवला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आत घेते, धरून ठेवते, सोडते, अगदी शिकवल्यासारखं. त्या श्वासाचा मला इतका संताप आला की माझे डोळे भरून आले. "घे, घे श्वास! तुमच्या काठावर एक बाई उभी राहाले तयार नाही. केळीच्या घडासारख्या जिकडे टांगलं तिकडे लटकता. थू तुमच्या गावावर!"

"गावाचं नाव नको घेऊ." ती हळूच म्हणाली. मग उभी राहिली आणि हात हिसकावून घेतला. "माह्या गावाचं नाव नको घेऊ तू! तू कोन व मले सांगनारी? मी तुले म्हनलं होतं मले राग येतो. म्हनलं होतं का नाही? कशाचा येतो ते इचारलं तू? एक दिवस इचारलं? या लोकायनं माह्यी पुस्तकं रद्दीत घातली, मी बोट दाबलं. हा समोर बसून मोबाइल पाहत होता, मी श्वास घेतला. परीक्षेच्या दिवशी यायले पाहुने जेवाले बोलवायचे होते, मी पहाटं उठून पुऱ्या लाटल्या आन मग पेपरले गेली, आन तुले सांगतलं त तू काय म्हनली? छान म्हनली! टाळ्या वाजवल्या तू! माह्या घरचे त माह्या घरचे, ते तसेच. तुले म्या आपली समजली होती. नदीपलीकडची समजली होती. तूच माह्यं तोंड शिवलं आन आता तूच उसवाले आली? तुह्या मर्जीनं बोलू आन तुह्या मर्जीनं गप बसू?" मी उत्तर द्यायला हवं होतं. बाराचा नियम तसा आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा राग आला. मी उन्हातून परत आले होते तिच्यासाठी, आणि ही मला अरे-तुरे करते! तिच्या पहिल्या रागाचा पहिला घाव माझ्यावरच पडावा, हे न्यायाचं होतं, तरी मला ते सोसवेना. "निंघ," ती म्हणाली. "निंघ माह्या घरातून."

मी निघाले. चपला पायात घालायचं सुचलं नाही, हातात घेऊन जिना उतरले. पायऱ्या अजून तापलेल्या होत्या. खाली दुकानात दोन गिऱ्हाईकं वर बघत उभी होती. आवाज थांबला नव्हता. "तू बस खाली, पियुष. बस म्हनलं ना. मले कोनी पानी आनू नका, मले चक्कर नाही आली. उद्या मी शिरपूरले जाऊ राह्यली. मले सोडाले ये का नको येऊ, बस जाते तिकडं." मग मंदाबाईंचं काहीतरी, मग भांडं आपटल्यासारखा आवाज, आणि पुन्हा डिंपल, आता आणखी वरच्या पट्टीत, माझ्या आईच्या पट्टीत. शेजारच्या गच्चीवर बाया येऊन उभ्या राहिल्या. तिने तो आवाज सहा महिने कुठे ठेवला असेल, असं माझ्या मनात आलं, आणि पाठोपाठ असंही आलं की उद्या सकाळपर्यंत हा आवाज टिकायला हवा. रात्र मोठी असते. सासू रडेल, नवरा समजावेल, माहेरून फोन येईल. मला माहीत आहे ते सगळं कसं करतात. मीच तर शिकवते.

मंदाबाई गॅलरीत आल्या. केस सुटलेले, चेहरा लाल. "ताई! ओ ताई! वर या ना. तिले शांत करा. तुमनंच ऐकस ती!" आणि माझी जीभ, सवयीची गुलाम, लगेच वाक्यं जुळवायला लागली. डिंपल, मी तुझ्या भावना समजू शकते. चल, आपण दोघी जरा बसू. मला येतं ते. मी वर गेले असते तर पोरगी अर्ध्या तासात गप्प झाली असती, याची मला खात्री होती, आणि त्या खात्रीचीच मला शिसारी आली. मी ओठ घट्ट मिटून रस्त्यात उभी राहिले.

"ताई, आयकी राह्यनात ना?"

मंदाबाईंच्या मागून डिंपल गॅलरीत आली. तिने माझ्याकडे बघितलं, रस्त्यावरच्या लोकांकडे बघितलं, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "ती कायले येते? हाकललं मी तिले!"

ते खरं होतं. मी चपला जमिनीवर टाकल्या, पायात घातल्या आणि गाडीकडे चालायला लागले.